चर्चचे दप्तर आणि विश्वस्तांची जबाबदारी

बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंदवही प्रत्येक चर्च जिवापाड जपते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा. लग्नाची नोंद वेळच्या वेळी व्हावी, ही शिस्त पाळकांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु ज्या वास्तूत ते लग्न लागते, तिच्या कागदपत्रांविषयी मात्र पुष्कळदा उदासीनता आढळते.

परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने लहान. पाळकांची बदली होते, एखादा विश्वस्त निवर्ततो, दुसरा नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस जातो. मंडळीच्या सभेत नवा विश्वस्त निवडला, की काम संपले असे सर्वांस वाटते. वस्तुतः ते तेथून सुरू होते. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या (आता त्यास महाराष्ट्राचे नाव मिळाले आहे) व्याख्येत देऊळ व मठ यांच्याबरोबर चर्चही येते. नोंदलेल्या तपशिलातील बदल ९० दिवसांत परभणीच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयास कळवावा लागतो. हिशेब दरवर्षी ठेवावे व तपासून घ्यावे लागतात. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून स्थावर मालमत्ता विकता वा दान देता येत नाही.

या रीतीची उपेक्षा किती महाग पडते, हे गुजरातेत दिसून आले. तेथेही हाच कायदा लागू होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली. तीत सामील होण्याचा ठराव तेथील ब्रेदरन मंडळीनेही केला होता. पुढे मालमत्ता कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ ठरावाने विश्वस्तांकडील मालमत्ता हस्तांतरित होत नाही, असा निकाल २०१३ मध्ये लागला. ठराव आणि निकाल यांत चार दशके लोटली.

हा धर्मातील हस्तक्षेप नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रश्न १९५४ मध्येच रतिलाल गांधी खटल्यात उपस्थित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्यास बाधक ठरणाऱ्या काही तरतुदी रद्द केल्या. मुख्य कायदा मात्र ग्राह्य मानला. उपासना कशी करावी, हे नोंदणी कार्यालय सांगत नाही. ते हिशेब मागते, आणि दानपेटीत रुपया टाकणाऱ्या शेतमजुरालाही तो मागण्याचा नैतिक अधिकार आहेच.

उपाय साधा आहे. ३१ मार्चचे हिशेब पुरे होताच वर्षातून एकदा सारे दप्तर उघडावे. नोंदणी कार्यालयातील परिशिष्टाची नक्कल काढून विश्वस्तांची नावे ताडून पाहावीत. जागेचा सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा कोणाच्या नावे आहे, हे तपासावे. परदेशी देणगी येत असेल, तर २०१० च्या कायद्याखालील नोंदणीची पाच वर्षांची मुदत केव्हा संपते, हे टिपून ठेवावे. यासाठी मोठ्या वकिलाची गरज नाही. प्रत्येक मंडळीत एखादा शिक्षक, एखादा निवृत्त कारकून असतोच. त्याने वर्षातील दोन दिवस या कामास दिले, तर पूर्वजांनी पै-पैशाने उभारलेली वास्तू नातवंडांच्या हाती निर्वेधपणे जाईल.