बोटीच्या पोटातला जनरेटर

गेटवे ऑफ इंडियासमोर समुद्रात पांढऱ्याशुभ्र यॉट्स डुलत असतात त्या तुम्ही पाहिल्या असतीलच (आणि त्या मागे येतील असे फोटोही काढले असतील!). अशी एखादी यॉट मांडव्याच्या पुढे जाऊन नांगर टाकते, मेन इंजिन बंद होतं, आणि तरीही आत एसी चालू, फ्रिज चालू, मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न तडतडताहेत. आता समुद्रात कुणी विजेचे खांब रोवलेले नाहीत. समोरच्या घारापुरीलासुद्धा समुद्राखालून केबल टाकून वीज पोचायला २०१८ साल उजाडलं. मग यॉटवर ही वीज येते कुठून? तर तिच्या पोटात, इंजिन रूमच्या एका कोपऱ्यात, आवाज दाबणाऱ्या पेटीत बंद केलेला एक छोटा जनरेटर असतो त्यातून.

मेकॅनिकलला असल्यामुळे मी सुट्टीत मुंबई बंदराजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला जात होते. तिथे बोटींचे जनरेटर सर्व्हिसिंगला यायचे. आधी मला वाटलं होतं, यात काय विशेष? आपल्या सोसायटीत, लग्नाच्या हॉलमागे, हॉस्पिटलच्या आवारात असतो तोच प्रकार. एक इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर. तत्त्व तर तेच आहे. फोर-पोल अल्टरनेटर १५०० आरपीएमने फिरला की ५० हर्ट्झ मिळतात (वायव्हाला हमखास विचारतात: १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल्स!). अमेरिकेत ६० हर्ट्झ लागतात म्हणून तिथल्या बोटींवर तोच सेट १८०० ने पळतो. जागा आणि वजन वाचवायचं असेल तर टू-पोल घेतात. तो ३००० किंवा ३६०० ने फिरतो आणि जास्त किंचाळतो. ओनान, कोहलर, वेस्टरबीक, फिशर पांडा ही त्यातली नेहमीची नावं. ओनान म्हणजे मिनियापोलिसला १९२० मध्ये सुरू झालेली कंपनी. आता ती कमिन्सच्या कुटुंबात आहे, म्हणजे पुण्याच्या मुलामुलींना नाव तरी ओळखीचं.

फरक आहे तो थंड ठेवण्यात. जमिनीवरच्या जनरेटरला रेडिएटर असतो, पंखा असतो आणि भोवती हवी तेवढी मोकळी हवा असते. बोटीत तो बिचारा एका बंद खोलीतल्या बंद पेटीत बसलेला. त्याची उष्णता न्यायची कुणी? समुद्राने. बाकी डिझेल, ऑइल, बॅटरी हे सगळं तुम्हाला ट्रॅक्टरमध्येही सापडेल, पण समुद्राचं पाणी आत येऊन बाहेर कसं जातं हा रस्ता फक्त बोटीवर सापडतो. आणि वर्कशॉपमध्ये आलेल्या सेट्सपैकी बहुतेकांचं दुखणं याच रस्त्यावर कुठेतरी असायचं. म्हणून मी बाकीचं थोडक्यात सांगणार आहे आणि हा रस्ता सावकाश.

बोटीच्या तळाला एक भोक असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण असतं! त्यावर एक व्हॉल्व्ह असतो, त्याला सी-कॉक म्हणतात. तिथून पाणी गाळणीत येतं, गाळणीतून पंपात, पंपातून हीट एक्स्चेंजरमध्ये. (पुस्तकात याला 'उष्णता विनिमयक' म्हणतात. वर्कशॉपमधले काका 'कूलर' म्हणतात. मी काकांच्या बाजूने आहे.) तिथे खारं पाणी बारीक नळ्यांमधून जातं आणि नळ्यांच्या बाहेरून इंजिनचं स्वतःचं, कूलंट घातलेलं गोडं पाणी फिरतं. दोघांची भेट होत नाही, फक्त उष्णता इकडची तिकडे होते. मग ते खारं पाणी सरळ एक्झॉस्टच्या पाइपात सोडतात. हे मला फार आवडलं. तापलेला धूर पाण्याने एकदम थंड होतो, त्यामुळे पुढचा पाइप चक्क रबराचा चालतो आणि आवाजही कमी होतो. धूर आणि पाणी दोन्ही मिळून बोटीच्या बाजूने भुसभुस करत बाहेर पडतात.

म्हणून जनरेटर सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे बाहेर वाकून बघणं, पाणी पडतंय का? मीटरकडे नंतर बघा. तापमानाचा काटा वर चढेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पाणी पडत नसेल तर लगेच बंद. मुंबईच्या समुद्रात तर पहिला संशय प्लास्टिकच्या पिशवीवर घ्यायचा. ती तळाच्या भोकाला चिकटून बसते आणि इंजिन बंद केलं की आपोआप गळून पडते, त्यामुळे शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचं एक छोटं चक्र असतं, इम्पेलर. त्याच्या पाकळ्या वाकून वाकून पाणी पुढे ढकलतात. पाणी हेच त्याचं वंगण. सी-कॉक बंद राहिला आणि जनरेटर चालू झाला तर हा इम्पेलर काही मिनिटांत जळून फाटतो. किंमत पूर्ण सेटच्या मानाने किरकोळ, बदलायला अर्धा तास, पण बोटीवर जादा इम्पेलर ठेवायचं बरेच जण टाळतात. वर्षातून एकदा, किंवा कंपनीच्या पुस्तकात दिलेले तास भरले की, तो चांगला दिसत असला तरी बदलायचा. जुना काढल्यावर पाकळ्या मोजायच्या. सहापैकी पाचच निघाल्या तर सहावी गेली कुठे? ती पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असते. नवीन इम्पेलर टाकूनही सेट तापतोच, आणि मग सगळे थर्मोस्टॅटला शिव्या देतात. काका मला म्हणाले होते, "पोरी, तुकडा हातात आल्याशिवाय कव्हर लावायचं नाही." यात माझ्या मते अख्खं ट्रबलशूटिंग आलं.

हीट एक्स्चेंजरमध्ये बोटाएवढी झिंकची कांडी बसवलेली असते. खारं पाणी आणि वेगवेगळे धातू एकत्र आले की बॅटरीच तयार होते आणि त्यातला सर्वांत 'उदार' धातू झिजतो. झिंक आपण मुद्दाम झिजायला ठेवतो म्हणजे तांब्याच्या नळ्या वाचतात. अकरावीच्या केमिस्ट्रीत हे घोकलं होतं, पण अर्धी खाल्लेली कांडी हातात घेतल्यावर ते खरं वाटलं. निम्मी उरली की बदलायची. संपली तर पुढचा नंबर कूलरचा, आणि तो परवडत नाही.

आता या रस्त्यावरची सगळ्यात फसवी जागा. धूर आणि पाणी जिथे एकत्र येतात त्या वाकड्या तुकड्याला मिक्सिंग एल्बो म्हणतात. गरम वायू, मीठ, काजळी आणि आम्ल असा सगळा त्रास एकाच ठिकाणी. तो आतून गंजतो आणि चोंदतो, बाहेरून मात्र रंग लावलेला छान दिसतो. म्हणून अधूनमधून खोलून बघावाच लागतो. त्याच्या पुढे वॉटर-लॉक नावाचा डबा असतो. त्यात पाणी साठतं आणि धुराच्या दाबाने बाहेर फेकलं जातं. इथे थोडा विचार करा. इंजिन चालू झालंच नाही, नुसता स्टार्टर फिरत राहिला, तर धुराचा दाब नाही, पण पंप तर फिरतोय! पाणी डब्यात भरत जातं, डबा भरला की मागे सरकतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलोच आहोत. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. चांगलं इंजिन 'स्टार्ट होत नाही' म्हणून पाच मिनिटं घुरघुर करणाऱ्या माणसाने मारलेलं असतं.

उपाय अगदी साधा आहे. डिझेल लाइनमधली हवा काढताना किंवा पुन्हा पुन्हा स्टार्टर मारावा लागला तर सी-कॉक बंद करायचा, आणि इंजिनने पहिला श्वास घेतला की ताबडतोब उघडायचा. जनरेटर पाण्याच्या पातळीखाली बसवलेला असेल तर पाइपाला वर एक वळसा देऊन त्यावर हवा घेणारी छोटी झडप लावतात, नाहीतर इंजिन बंद झाल्यावरही सायफनने समुद्र आत येत राहील. या झडपेत मिठाचे खडे जमतात. गोड्या पाण्याने धुवायला दोन मिनिटं लागतात. पण ती झडप तिथे आहे हे मालकाला माहीत असेल तर ना!

इथपर्यंत यंत्राचं झालं. आता माणसांचं. एक्झॉस्ट गळत असेल तर बोटीत नुसतं पाणी येत नाही, कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणं, म्हणजे हुबेहूब बोट लागल्यासारखी. म्हणून केबिनमध्ये 'जरा पडते' म्हणून झोपलेल्या माणसाकडे कुणी लक्ष देत नाही. डिझेल सेटच्या धुरात तो बराच कमी असतो (शून्य नसतो), पण पेट्रोलवरच्या सेटमध्ये भरपूर. अमेरिकेत लेक पॉवेल नावाचं प्रचंड मोठं धरणाचं सरोवर आहे, तिथे हाउसबोटी भाड्याने घेऊन लोक सुट्टी घालवतात. ऑगस्ट २००० मध्ये तिथे दोन लहान भाऊ हाउसबोटीच्या मागे पोहत होते. जनरेटर चालू होता आणि त्याचा धूर मागच्या डेकखालच्या पोकळीत सोडलेला होता. मुलं त्या पोकळीत गेली, बेशुद्ध झाली आणि बुडाली. आधी असे मृत्यू नुसतं बुडणं म्हणून धरले जायचे. नंतर तपास करणाऱ्यांनी अशा पोकळ्यांमधली हवा मोजली तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हजारो पीपीएम निघाला. १२०० पीपीएमलाच जिवाला तात्काळ धोका मानतात. त्यानंतर काही हाउसबोटींवर धुराची नळी छपराच्या वर नेली गेली, आणि कंपन्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेले पेट्रोल सेट बाजारात आणले.

तेव्हा सर्व्हिसिंग करताना एक्झॉस्टच्या प्रत्येक जोडावर काळा डाग किंवा मिठाची पांढरी रेघ आहे का ते बघायचं. तिथे गळती आहे. केबिनमधला डिटेक्टर बटण दाबून तपासायचा. आणि जनरेटर चालू असताना बोटीच्या मागे पोहायचं नाही. आपण केरळच्या ट्रिपला जाऊन हाउसबोटीवर राहतो तेव्हाही रात्रीच्या एसीसाठी कुठेतरी जनरेटर चालू असतोच. त्याचा धूर कुठे सोडलाय, एवढं विचारायला काय हरकत आहे? पेट्रोलच्या सेटचं आणखी एक म्हणजे वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. अमेरिकन बोटींवर पाटीच लावलेली असते की सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा. चार म्हणजे चार, दोन गाणी नाहीत.

मालकांना अजिबात न पटणारी एक गोष्ट सांगते. जनरेटरला कमी काम देणं म्हणजे त्याची काळजी घेणं, असं त्यांना वाटतं. नऊ किलोवॉटचा सेट लावायचा आणि त्यावर दोन दिवे आणि मोबाइल चार्जर! डिझेल इंजिनला हे सोसत नाही. ते पुरेसं तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, इंजेक्टरवर आणि एक्झॉस्टमध्ये चिकट काळा थर साठतो. निम्म्यापासून पाऊण लोडपर्यंत तो सगळ्यात खूश असतो. वापर नसेल तरी महिन्यातून एकदा तास-दोन तास, एसी लावून, चालवायचाच. सुरू केल्यावर आणि बंद करण्याआधी मात्र तीन-चार मिनिटं लोडशिवाय ठेवायचा.

ऑइलचं तुम्हाला माहीत आहेच. नव्या सेटचं पहिल्या पन्नासेक तासांनी, मग पुस्तकात दिलं असेल तसं. दुधाळ दिसलं तर समुद्र आत आलाय. डिझेल फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी काढत राहायचं, कारण टाकीत पाणी आणि डिझेल जिथे टेकतात तिथे जंतू वाढतात आणि त्यांची शेवाळासारखी घाण फिल्टर चोंदवते. आणि इलेक्ट्रिकल कामाला हात लावण्याआधी स्टार्टिंग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. वरच्या डेकवर रिमोट स्टार्टचं बटण असतं, आणि वर कुणाला गरम होत असेल सांगता येत नाही.

मुंबईत पावसाळ्यात बहुतेक यॉट्स पाण्याबाहेर काढतात, तेव्हा खरी परीक्षा असते. जनरेटर तीन-चार महिने गप्प बसणार. त्याआधी खाऱ्या पाण्याचा सगळा रस्ता गोड्या पाण्याने धुवायचा. ऑइल पावसाळ्यानंतर नाही, आधी बदलायचं, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. डिझेलची टाकी भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होत नाही. इम्पेलर काढून ठेवायचा, नाहीतर दाबलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या राहतात. सी-कॉक बंद करायचा.

आणि इथेच सप्टेंबरमधल्या घोटाळ्याचं मूळ असतं. बोट पाण्यात उतरते, सगळे उत्साहात असतात, कुणीतरी बटण दाबतो, खाली कॉक बंद आणि पंपात इम्पेलरच नाही! आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी यावर तोडगा काढलाय. पावसाळ्यासाठी बोट बंद करताना ते बॅटरी आयसोलेटरची लाल चावी काढतात, काढलेला इम्पेलर आणि ती चावी एकाच सुतळीत ओवतात आणि ती सुतळी सी-कॉकच्या दांड्याला बांधून ठेवतात. ज्याला जनरेटर सुरू करायचाय, त्याला आधी खाली वाकून तिथपर्यंत जावंच लागतं.