आधी ऐब सांगा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या कोकणातल्या गावात दोनच प्रकारची घरे होती. काही घरांत मनगटावर राडो आलेले होते आणि उरलेल्या घरांतले कुणीतरी ते आणायला आखातात गेलेले होते. अब्बा कुवेतला होते. १९७९ साली ते सुटीवर आले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. त्यांच्या हातातले ते सोनेरी, लंबगोल, जडशीळ घड्याळ मला अजून दिसते. तबकडीवर बाराच्या आकड्याशी लाल मण्यावर एक इवलासा नांगर होता. मनगट हलले की तो गर्रकन फिरायचा. पावसाळ्यात बाहेर जाता येत नसे, तेव्हा मी अब्बांचा हात धरून तो नांगर फिरवत बसायचो.

१९९३ साली अम्मीच्या ऑपरेशनसाठी ते घड्याळ विकावे लागले. अब्बांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त वेळ विचारली की रिकामे मनगट उलटून पाहायची त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

काही वर्षांपूर्वी भाईजानच्या मुलाला पहिली नोकरी लागली. मनात आले, त्याला आजोबांच्यासारखे घड्याळ द्यावे. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात हुबेहूब तसेच राडो दिसले. दुकानाचे नाव सांगत नाही. दुकानदार म्हणाला, "दुबईचा पीस आहे. एका म्हाताऱ्याने अडचणीत विकला." माझे डोळे भरून आले आणि मी अठरा हजार रुपये मोजले. पावती मागायचेही भान राहिले नाही.

पट्टा छोटा करून घ्यायला म्हणून मी ते भेंडीबाजारातल्या एका वयोवृद्ध घड्याळजींकडे नेले. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मशीन स्विस आहे, पण या घड्याळाची नाही. डायल रंगवलेली आहे. काटे तिसऱ्याच घड्याळाचे. केस पितळेची, वर मुलामा. आणि हा नांगर चिकटवलेला आहे. शायरसाहेब, शेर एकाचा, काफिया दुसऱ्याचा आणि तखल्लुस तिसऱ्याचा, असा हा मामला आहे."

दुकानदाराकडे परत गेलो, तर त्याने ओळखच दाखवली नाही. अठरा हजार गेले. त्या बदल्यात चाचांच्या समोरच्या स्टुलावर बसून मी पुढे काही महिने जे शिकलो, ते आज आपल्याला सांगतो. जुने महागडे घड्याळ घेण्याची हौस आता खूप जणांना आहे आणि फसणारेही तेवढेच आहेत.

पहिली गोष्ट अशी की खोटे घड्याळ एकाच प्रकारचे नसते. एक प्रकार संपूर्ण नकलेचा. नाव रोलेक्सचे किंवा ओमेगाचे, आत सगळा माल भलत्याच कारखान्याचा. दुसरा प्रकार जोडाजोडीचा. त्यात सुटे भाग खरे असतात, पण चार घड्याळांचे मिळून एक केलेले असते. तिसरा प्रकार रंगवलेल्या तबकडीचा. घड्याळ खरे, चेहरा मात्र नव्याने रंगवलेला.

या तिसऱ्या प्रकाराला परदेशातल्या शौकिनांनी नाव दिले आहे 'मुंबई स्पेशल'. ऐकून वाईट वाटते, पण त्यामागचा इतिहास समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे अनेक वर्षे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती. सुटे भाग मिळत नसत. आपल्या दमट हवेत तबकडीला डाग पडत. तेव्हा ती खरवडून नव्याने रंगवून देणारे कारागीर तयार झाले. गिऱ्हाईक स्वतःच्याच घड्याळाची तबकडी रंगवून घेई आणि खुशीने पैसे देई. ती कारागिरी होती, फसवणूक नव्हती. तेच घड्याळ 'अगदी ओरिजिनल' म्हणून विकले जाऊ लागले, तेव्हा फसवणूक सुरू झाली. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत व्यापार करत होती. तिची कितीतरी घड्याळे आज अशी नवा मुखवटा लावून फिरताहेत. आपल्या एचएमटीचीही तीच गत. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेला हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्यानंतर मागणी वाढली आणि एचएमटी पायलट कंपनीने कधी काढलीच नव्हती अशा भडक रंगांत बाजारात दिसू लागली.

कुणी म्हणेल, जाणकाराला कोण फसवणार? तर त्याचीही गोष्ट ऐका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या एका लिलावात १९५७ सालचे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर विक्रीला आले. त्याची तबकडी काळाच्या ओघात तपकिरी झालेली होती. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. ते विकले गेले ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकला. घेतले कुणी, तर खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. पुढे २०२३ साली उघडकीस आले की ते घड्याळ निरनिराळे भाग जुळवून उभे केलेले होते. या व्यवहारात आपलेच तीन माजी कर्मचारी गुंतले होते, असे कंपनीने जाहीर केले. ज्या कंपनीने घड्याळ बनवले तीच फसू शकते, तर तुम्ही-आम्ही सावध राहण्यात कसला कमीपणा?

आता प्रत्यक्ष पाहायचे काय, ते सांगतो. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवा. साध्या दुकानात ते दोन-तीनशे रुपयांत मिळते. तबकडीवरची अक्षरे त्यातून पाहा. कारखान्यातली छपाई बारीक, सरळ आणि कडेला स्वच्छ असते. हाताने रंगवलेल्या तबकडीत अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत आणि कंपनीचे नाव किंचित तिरके असते. उलट पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच छापल्यासारखी कोरी करकरीत दिसली तरी शंका घ्या.

दुसरी परीक्षा अंधारातली. साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत अनेक स्विस घड्याळांच्या चमकत्या रंगात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य असे. सहाच्या आकड्याखाली 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' हे अक्षर असते, ते त्याचेच चिन्ह. ट्रिटियमचे तेज साधारण बारा वर्षांत निम्मे होते. पन्नास वर्षांत ते सोळाव्या हिश्श्यावर येते. तेव्हा १९७५ सालचे म्हणून दाखवलेले घड्याळ खोलीतला दिवा घालवल्यावर झगझगीत हिरवे चमकले, तर तो रंग नंतरचा आहे हे नक्की. साठच्या आधीच्या घड्याळांत रेडियम असे. त्याचा किरणोत्सार आजही टिकून आहे, म्हणून अशी तबकडी घरी उघडून खरवडण्याच्या फंदात पडू नका.

तिसरी गोष्ट सेकंदकाट्याची. तबकडीवर 'ऑटोमॅटिक' लिहिले असेल आणि काटा सेकंदासेकंदाला टुणकन उडी मारत असेल, तर आत सेलवर चालणारे मशीन आहे. ऑटोमॅटिक घड्याळ सेकंदाला पाच ते आठ ठोके देते, म्हणून काटा सरकत गेल्यासारखा दिसतो. पण काटा सरकतो म्हणून घड्याळ खरे, असे उलट अनुमान करू नका. आता नकली मालातही सरकत्या काट्याची स्वस्त मशीने सर्रास बसवतात.

प्रत्येक घड्याळाची आपापली खूण असते. राडोचेच घ्या. १९६२ साली निघालेल्या राडो डायस्टारची केस टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण मिश्रणाची आणि काच कृत्रिम नीलमण्याची. हिऱ्याचा कठीणपणा दहा धरला तर या काचेचा नऊ. हे मिश्रण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असते. ते ठिसूळही असते. त्यामुळे खरे डायस्टार आपटले तर त्याच्या कडेचा टवका उडेल, पण रोजच्या वापराने त्याच्यावर ओरखडे पडणार नाहीत. माझ्या त्या घड्याळावर ओरखड्यांचे जाळे होते आणि मी समजत होतो, म्हाताऱ्याने किती वर्षे वापरले असेल! नांगराचे म्हणाल, तर खऱ्या घड्याळातही तेल सुकले की तो फिरायचा थांबतो आणि नकली घड्याळात फिरणारा नांगरही बसवतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. सोन्याच्या स्विस घड्याळाला सरकारी छाप असतो. १९९५ पासून तो सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा आहे. घड्याळ १९६० चे आणि छाप या कुत्र्याचा, असे दिसले तर विक्रेत्याला त्याचे कारण विचारलेच पाहिजे.

पण खरा निकाल लागतो तो झाकण उघडल्यावर. मशीनवर कंपनीचे नाव आणि बहुधा मशीनचा क्रमांक कोरलेला असतो. तो त्या मॉडेलचा आहे की नाही, हे अनुभवी घड्याळजी सांगू शकतो. माझ्या घड्याळात मशीन खरेच होते, फक्त दुसऱ्या घराण्यातले. जो विक्रेता 'झाकण उघडायचे नाही' म्हणतो, त्याला सलाम करून दुकानाची पायरी उतरावी.

डबा आणि कागदपत्रे पाहून भुलू नका. घड्याळ बनवणारा कागद का बनवणार नाही? रिकामे खरे डबेही वेगळे विकत मिळतात. नकली माल करणारे एखाद्या खऱ्या घड्याळाचा क्रमांक उचलून शेकडो घड्याळांवर कोरतात, म्हणून क्रमांक जुळला एवढेही पुरेसे नाही. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी. सौदा ठरवतानाच विक्रेत्याला सांगावे, "सेंटरने खरे म्हटले की पूर्ण पैसे." माल चोख असेल तर त्याने नाही म्हणायचे कारण नाही. जुन्या मालाच्या खात्रीची गरज आता कंपन्यांनाही पटली आहे. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये युरोपातल्या अधिकृत विक्रेत्यांमार्फत आपलीच जुनी घड्याळे तपासून, दोन वर्षांच्या हमीसह विकायला सुरुवात केली. तिथे किंमत जास्त पडते, पण ती जास्तीची किंमत झोपेची असते.

आणि पावती. तिच्यावर कंपनी, मॉडेल, क्रमांक आणि 'अस्सल' हा शब्द लिहून घ्या. तबकडी रंगवलेली असेल, काटे बदललेले असतील, तर तेही लिहून घ्या. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्या. बनावट नाममुद्रेचा माल विकणे हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. दुकानदाराने फसवले तर ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. पण हातात कागद नसेल तर कायदा तरी काय करणार? मी तेच सोसले.

हे सगळे खरे असले तरी माझी फसगत भिंग नव्हते म्हणून झाली नाही. चाचांकडे मी घड्याळ घेण्याआधीही जाऊ शकलो असतो. दुकानदाराने अडचणीतल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली आणि मला त्या जागी अब्बा दिसले. मी गोष्टीचे पैसे मोजले. म्हणून विक्रेता घड्याळाऐवजी घड्याळाची कहाणी सांगू लागला की सावध व्हावे. आमच्या घरात लहानपणी व्यापाराचा एकच नियम शिकवला जाई. आधी मालाचा ऐब सांगायचा, मग किंमत. आता मी कुठेही गेलो की पहिला प्रश्न तोच विचारतो, "याचा ऐब काय?" 'काहीच नाही' असे उत्तर आले की पुढे बोलत नाही. पन्नास वर्षे चाललेल्या वस्तूत काहीच ऐब नाही, असे होत नाही.

दीड वर्षाने चाचांनीच एका गृहस्थांकडे पाठवले. त्यांनी कपाटातून राडो काढले आणि मी विचारण्याआधीच सांगू लागले, "कडेचा टवका गेलाय, पट्टा मूळचा नाही, नांगर फिरत नाही." चाचांनी झाकण उघडून पाहिले आणि मान डोलावली. मी ते घेतले. तेल दिल्यावर नांगर फिरू लागला.

पुतण्याला ते देताना तो हरखून म्हणाला, "चाचा, हे दादाजानचंच का?" हो म्हणायचा मोह झाला होता. एका शब्दाने त्याचा आनंद दुप्पट झाला असता आणि त्याला कधी कळलेही नसते. पण मग माझ्यात आणि त्या दुकानदारात फरक तो काय राहिला असता? मी म्हटले, "नाही बेटा. त्यांचं तुझ्या दादीच्या ऑपरेशनसाठी विकलं. हे तसलंच, पण दुसऱ्याचं आहे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने ते मनगटावर बांधले आणि हात हलवून नांगर फिरतो का ते पाहिले.