फटफटीचा आवाज आणि पेट्रोलचा ऑक्टेन-अंक

यंत्र मुकें असतें अशी सामान्य समजूत आहे. परंतु फटफटीवर रोज बसणाऱ्या मनुष्यास ती मान्य होणार नाहीं. निरोगी एंजिन एका ठराविक लयींत चालतें, आणि त्या लयींत एखादा नवा सूर मिसळला म्हणजे कांहीं तरी बिघडत आहे हें जाणत्या कानास तत्काळ समजतें. अडचण एवढीच कीं, आवाज अनेक, त्यांचीं कारणें अनेक, आणि ठिकठिकाणीं सुचविला जाणारा उपाय मात्र एकच: महाग पेट्रोल भरा! हा उपाय केव्हां खरा व केव्हां व्यर्थ, हें ठरविण्यापूर्वीं आवाजांची ओळख करून घेतली पाहिजे.

सिलेंडरच्या माथ्याकडून हलकी, नियमित टिकटिक ऐकूं येत असेल, तर ती बहुधा टॅपेटची असते. झडप व तिला दाबणारा भाग यांच्यांत केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते; ती झिजेनें वाढली म्हणजे टिकटिकही वाढते. एंजिन थंड असतां येणारा व तें तापल्यावर मावळणारा बोदा आवाज पिस्टनचा. तो सिलेंडरच्या भिंतीवर किंचित् आपटत असतो. टायमिंग चेन सैल झाली तर साखळी हालविल्यासारखी खळखळ होते. परंतु भार पडतांच खोल, जड, हातोडीच्या घावासारखा ठोका येऊं लागला, तर कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग गेलें असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळीं गाडी तेथेंच थांबविणें शहाणपणाचें. हे सर्व आवाज लोखंडाच्या झिजेचे आहेत. कोणत्याही पेट्रोलानें ते थांबत नाहींत.

पेट्रोलाशीं ज्याचा खरा संबंध, तो आवाज निराळाच. पत्र्याच्या डब्यांत खडे घालून हालवावे तशी ती खडखड असते. खंबाटकीसारखा घाट चढतांना, मोठ्या गियरमध्यें, वेग कमी व थ्रॉटल पुरता उघडलेला असतां ती ऐकूं येते, आणि गियर एक पायरी खालीं घेतांच बहुधा नाहींशी होते. हीच तिची मुख्य खूण. इंग्रजींतील 'नॉक' हा शब्द आपल्याकडील मिस्त्रीही वापरतात.

ही खडखड होते कशी? पिस्टन वर येतांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबतो. योग्य क्षणीं प्लगची ठिणगी पडते, आणि वाळलेल्या गवताच्या एका टोकास लागलेली आग पुढें सरकावी तशी ज्योत पसरत जाते. जळालेला वायु फुगून उरलेल्या मिश्रणास आणखी दाबतो व तापवितो. तें मिश्रण ही उष्णता सहन करूं शकलें नाहीं, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच तें आपोआप एकदम पेटतें. त्यासरशी दाबाच्या लाटा सिलेंडरच्या भिंतींवर आदळतात, आणि सेकंदास कित्येक हजार कंपनें होऊन तो धातूचा नाद उठतो. धातूच्या पृष्ठभागावर वायूचा जो पातळ, संरक्षक थर असतो तो या लाटांनीं विस्कटतो. उष्णता पिस्टनमध्यें शिरते, आणि हें दीर्घकाळ चाललें तर पिस्टनचा माथा वितळून त्यास भोंकही पडतें.

या आवाजाचें कोडें प्रथम नीट उकललें तें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगी-योजनेसच लोक दोष देत. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे, हें त्यांचे साहाय्यक थॉमस मिजली यांच्या प्रयोगांतून निष्पन्न झालें. इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनींही याच प्रश्नाचा स्वतंत्रपणें अभ्यास केला. १९२१ च्या डिसेंबरांत मिजली यांस आढळलें कीं, शिशाचें एक संयुग अल्प प्रमाणांत मिसळलें असतां खडखड थांबते. उपाय स्वस्त होता, पण विषारी होता. १९२४ सालीं न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत त्या संयुगाच्या विषबाधेनें पांच कामगार दगावले. तरीही पुढें कित्येक दशकें जगभर धुरांतून शिसें पसरत राहिलें, आणि लहान मुलांच्या मेंदूस त्यानें अपाय केला. भारतांत सर्वत्र शिसेंविरहित पेट्रोल आलें तें १ फेब्रुवारी २००० पासून, आणि रस्त्यावरील वाहनांसाठीं शिसेंयुक्त पेट्रोलाची विक्री सर्वांत शेवटीं अल्जीरियांत २०२१ सालीं बंद झाली. एका आवाजाच्या उपायाचें मोल इतकें मोठें पडलें!

खडखडीस इंधन किती दाद देत नाहीं, तें मोजण्याचें माप म्हणजे ऑक्टेन-अंक. ग्रॅहम एडगर यांनीं १९२६ च्या सुमारास तें बसविलें. आयसो-ऑक्टेन या द्रवास त्यांनीं १०० अंक दिला, आणि सहज खडखडणाऱ्या हेप्टेनास शून्य. ९१ अंकाचें पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकें सोशिक पेट्रोल. यावरून ध्यानांत येईल कीं, हा अंक सोशिकपणाचा आहे, शक्तीचा नव्हे. ज्या एंजिनास ९१ पुरतें, त्यांत १०० अंकाचें पेट्रोल ओतल्यानें खिसा हलका होतो. गाडी मात्र अधिक पळत नाहीं. उलट, मिश्रण बारातेरा पटींनीं दाबणाऱ्या शर्यतीच्या धर्तीच्या फटफटीस कमी अंकाचें पेट्रोल देणें म्हणजे तिच्या पिस्टनचें आयुष्य पणास लावणें होय.

भारतांत १ एप्रिल २०२० रोजीं लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांत साध्या पेट्रोलास किमान ९१ व प्रीमियम पेट्रोलास किमान ९५ अंक ठरविला गेला. अमेरिकेंतील पंपांवर मात्र निराळ्या रीतीनें काढलेला अंक लिहितात. तेथील ८७ हे आपल्याकडील सुमारें ९१ च होत. परदेशी गाडीची पुस्तिका वाचतांना हा भेद विसरूं नये. इथेनॉल मिसळल्यानें ऑक्टेन-अंक वाढतो. परंतु लिटरमागें इथेनॉलची उष्णता पेट्रोलाच्या सुमारें दोन तृतीयांशच असते. शिवाय कार्बुरेटरच्या जुन्या गाडींत मिश्रण थोडें विरळ होतें आणि रबराच्या नळ्या खराब होऊं शकतात. अशा गाडीच्या तक्रारी ऑक्टेनच्या माथीं मारूं नयेत.

तेव्हां क्रम असा ठेवावा. प्रथम गाडीची पुस्तिका उघडून तींत सांगितलेला अंक पाहावा व तेंच पेट्रोल भरावें. तरीही घाटांत खडखड आली तर गियर खालीं घ्यावा. ती तेवढ्यानें न थांबल्यास सिलेंडरांत सांचलेली काजळी, फार लवकर पडणारी ठिणगी, चुकीचा प्लग, विरळ मिश्रण किंवा एंजिनाचें अति तापणें यांपैकीं कारण कोणतें, तें मिस्त्रीकडून तपासून घ्यावें. हें सर्व निर्दोष ठरलें, तरच वरच्या अंकाचें पेट्रोल वापरून पाहावें. वैद्य जसा नाडी पाहून मग औषध देतो, तसें येथें आधीं ऐकावें, मग तपासावें, आणि पैशाच्या पिशवीस हात सर्वांच्या शेवटीं घालावा.