गच्चीवरच्या विमानाला ब्रेक कोणता?

चारठाण्याच्या शिवारात नांगरट चालू असेल तर धुऱ्याजवळ ट्रॅक्टर कसा वळतो ते जरा नीट पाहा. ड्रायव्हर स्टिअरिंग पूर्ण फिरवतो आणि उजव्या पायाखालच्या दोन ब्रेकांपैकी एकच दाबतो. डावं मागचं चाक जागेवर थांबतं, उजवं फिरत राहतं आणि एवढं मोठं धूड दोन हात जागेत तोंड फिरवतं. डांबरी सडकेवर आल्यावर तोच ड्रायव्हर, तो शहाणा असेल तर, दोन्ही ब्रेक खिट्टीनं एकत्र जोडून घेतो. वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

छोट्या विमानाचा ब्रेक हा स्वभावानं मोटारीच्या ब्रेकपेक्षा ट्रॅक्टरच्या ब्रेकला जवळचा आहे. वैमानिकाच्या पायाशी दोन पेडल असतात. टाचेनं किंवा तळव्यानं ती पुढेमागे ढकलली की शेपटीवरचं सुकाणू हलतं. त्याच पेडलांचा वरचा भाग पावलाच्या पुढच्या भागानं दाबला की ब्रेक लागतो. डाव्या पावलानं डाव्या चाकाचा, उजव्या पावलानं उजव्याचा. फरक इतकाच की इथे जोडायला खिट्टी नसते. ताशी ८० किलोमीटर वेगानं जमिनीवर पळताना दोन्ही पावलांचा दाब सारखा ठेवायचं काम माणसालाच करावं लागतं.

घरी विमान बांधण्याची गोष्ट आपल्याला परकी राहिलेली नाही. त्या वेळी जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याची नोंदणी केली, त्याला व्हीटी-एनएमडी हा क्रमांक मिळाला, आणि उड्डाण-चाचण्यांची परवानगी यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. या सगळ्या प्रवासात बातम्या झाल्या त्या परवान्याच्या, पंखांच्या आणि इंजिनाच्या. चाकातल्या ब्रेकची बातमी होत नाही. पण घरी विमान बांधणाऱ्या कुणालाही एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसावंच लागतं: ब्रेक कोणता बसवायचा?

राइट बंधूंना हा प्रश्न पडला नाही. १९०३ च्या त्यांच्या विमानाला चाकंच नव्हती, लाकडी पट्ट्या होत्या. त्यानंतरची बरीच वर्षं विमानं गवताळ मैदानात उतरत आणि शेपटीखालचा दांडका जमिनीत रुतून त्यांना थांबवत असे. पक्क्या धावपट्ट्या आल्या, वजन आणि वेग वाढला, तेव्हा ब्रेक गरजेचा झाला. मोठ्या जेट विमानाकडे इंजिनाचा झोत उलटा वळवायची सोय असते. छोट्या एकपंखी विमानाकडे सहसा तसलं काही नसतं. थांबायचं ते दोन चाकांतल्या दोन चकत्यांवर.

आता हिशेब करू, कारण निवड तिथेच होते. धावत्या वस्तूतली ऊर्जा म्हणजे वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं, हे शाळेत घोकलेलं सूत्र. स्वारासकट २२० किलोची मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरवर असेल तर तिच्यात साधारण ३० किलोज्यूल ऊर्जा असते. दोन माणसांसह ६०० किलोचं विमान ताशी ८० किलोमीटरनं जमिनीवर धावत असेल तर सुमारे १४८, म्हणजे जवळपास पाचपट. सहा आसनी, १५०० किलोचं विमान ताशी ११० वर असताना अचानक थांबवायचं झालं तर आकडा ७०० किलोज्यूलपर्यंत जातो. विमानांच्या प्रमाणनाच्या नियमांतलं सूत्रही याच जातीचं आहे: वजन, वेगाचा वर्ग, आणि भागिले ब्रेक असलेल्या चाकांची संख्या.

ही ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. थोडी हवेच्या विरोधात आणि टायरच्या घसाऱ्यात जिरते, बाकीची ब्रेकच्या चकतीत उष्णता होऊन बसते. एक किलो पोलादाचं तापमान एक अंशानं वाढवायला साधारण अर्धा किलोज्यूल लागतो. म्हणजे ६०० किलोच्या विमानात प्रत्येक चाकाला ७४ किलोज्यूल आले आणि चकती एक किलोची असली, तर ती फार तर दीडशे अंशांनी तापेल. तक्रार नाही. पण तीच एक किलोची चकती सहा आसनी विमानाला लावली तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३५० किलोज्यूल येतात आणि चकती सातशे अंशांच्या दिशेनं निघते. लोहाराच्या भट्टीत लोखंड लालसर दिसू लागतं ते याच्या आधीच. परभणीच्या मे महिन्यात तर चकतीची सुरुवातच चव्वेचाळीस अंशांपासून होते.

म्हणूनच ब्रेक निवडताना पहिला प्रश्न ‘किती जोरात धरतो’ हा नसतो. ‘एका दमात किती उष्णता पोटात घेतो’ हा असतो. विमानाचे ब्रेक बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक चाक-ब्रेक संचासाठी हा ऊर्जेचा आकडा छापतात. आपल्या विमानाचं जास्तीत जास्त वजन धरायचं, उड्डाण रद्द करावं लागेल तो सर्वांत जास्त वेग धरायचा, आणि छापील आकडा त्याहून मोठा आहे का ते पाहायचं. नेहमीच्या उतरण्याचा वेग धरून हिशेब करणं ही सर्वसामान्य चूक. उतरताना विमान बऱ्यापैकी रिकामं, टाकीतलं इंधन जळलेलं असतं. उड्डाण अर्ध्यात सोडावं लागतं तेव्हा टाकी भरलेली, माणसं बसलेली आणि वेग चढलेला असतो.

वाऱ्याचंही असंच आहे. हवेच्या तुलनेत ताशी ९० किलोमीटरनं उतरणारं विमान समोरून २० चा वारा असेल तर जमिनीला ७० नं टेकतं. वारा पाठीमागून असेल तर ११० नं. ऊर्जा जवळपास अडीचपट होते. विमान तेच, ब्रेक तोच, वैमानिकही तोच.

मग मोटारसायकलचा डिस्क ब्रेक चालेल का? जिंतुरात, परभणीत कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, स्वस्त आहे, गावातला मिस्त्री डोळे मिटून बसवेल. सरसकट ‘नाही’ म्हणणारे लोक मला पटत नाहीत. एका माणसाचं, अडीचशे किलोचं, ताशी ४५ नं उतरणारं अतिहलकं विमान असेल तर त्यात ऊर्जा २० किलोज्यूलच्या आत आहे. तिथे असा ब्रेक पुरतो आणि अनेकांनी तो वापरलाही आहे. पण सहाशे किलोंना तो लावायचा असेल तर वरचा हिशेब पुन्हा वाचा. शिवाय मोटारसायकलची चकती मोठी, पातळ आणि सतत वाऱ्यात असते. विमानाचं चाक लहान, चकती त्याच्या आत दडलेली, आणि बऱ्याचदा वरून वारा कापणारं फायबरचं आवरण. तिला थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून ती जाड असावी लागते.

उलट चूकही तितकीच महागात पडते. ज्या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्याचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. असा विमानाला फार कडक ब्रेक लावला आणि घाबरून दाबला, तर चाकं थांबतात, शेपटी उचलली जाते, पंखा जमिनीवर आपटतो आणि क्वचित विमान पाठीवर पडतं. अशा हलक्या विमानांना मुद्दाम मवाळ ब्रेक लावतात. जुन्या पायपर कबमध्ये ब्रेक टाचेनं दाबायचे असत, आणि टाचेत पावलाइतका जोर आणता येत नाही, हे तिथे सोयीचंच होतं. नुकतंच टेकलेलं विमान तर अजून अर्धं पंखांवर तरंगत असतं. चाकावर भार थोडा, त्यामुळे जरा जास्त दाबलं की टायर घासत जातो. रबर एकाच जागी झिजतं आणि कधी फुटतं. टायरची पकड जेवढी, तेवढाच ब्रेक उपयोगाचा. त्यापुढची ताकद वाया जाते.

ताकद कमी-जास्त करण्याची किल्ली पेडलाजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये असते. तिथला पिस्टन १.६ सेंटिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळचा ३.८ चा असेल तर जोर साडेपाचपटीहून जास्त वाढतो, पण पेडल तेवढंच जास्त खोल जातं. पेडल खोल जातं म्हणून मोठा मास्टर सिलिंडर लावायचा मोह होतो. पेडल टणक लागतं, ब्रेक मात्र कमी धरतो.

आता तेल. बांधणारा फसण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त असते. आपल्या दुचाकी-चारचाकीत डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचं ब्रेक ऑइल असतं. छोट्या विमानांत बहुतेक वेळा ५६०६ या क्रमांकानं ओळखलं जाणारं लाल खनिज तेल असतं. दोन्हींना चालणारी रबरी सील वेगवेगळ्या रबराची असतात. विमानाच्या कॅलिपरमध्ये मोटारीचं तेल घातलं, किंवा मोटारीच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाल तेल घातलं, तर सील फुगतं, मऊ पडतं आणि गळू लागतं किंवा अडकून बसतं. हे पहिल्या दिवशी कळत नाही. काही दिवस किंवा आठवडे ब्रेक छान चालतो. म्हणून एका संचात सगळे भाग एकाच तेलाचे हवेत, आणि टाकीच्या झाकणावर तेलाचं नाव ठळक लिहिलेलं हवं. लाल खनिज तेलाची दुसरी अडचण म्हणजे ते पेट घेतं. तापलेल्या चकतीवर त्याची धार पडली तर चाक जळतं. त्यासाठी कमी पेटणारी कृत्रिम तेलंही निघाली आहेत.

चाक जळणं ही नुसती भीती नाही. अमेरिकेच्या सायरस कंपनीच्या छोट्या विमानांचं पुढचं चाक हातगाडीच्या चाकासारखं मोकळं फिरतं. हळू चालताना दिशा द्यायची ती एका बाजूचा ब्रेक दाबूनच. इंजिनाचा वेग जास्त ठेवून, ब्रेक सतत दाबत लांब अंतर चालवलेल्या अशा विमानांचे ब्रेक तापून आग लागल्याच्या घटना घडल्या. नंतर कॅलिपरवर तापमान दाखवणारी पट्टी लावण्यात आली. घरी बांधलेल्या विमानाला मोकळं पुढचं चाक असेल तर हिशेबातली ऊर्जा थोडी वाढवूनच धरावी. आपल्या काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आवरणात वाळून बसला, गवत अडकलं, तर धोका आणखी वाढतो. पावसाळ्यात गवताच्या पट्टीवरून उडणारे कित्येक जण आवरण काढूनच ठेवतात.

या सदराच्या वाचकांसाठी तब्येतीचं थोडं. ब्रेकचं काम विमानाचं असो की ट्रॅक्टरचं, जुन्या लायनरची धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं. ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेक साफ करायच्या काही फवाऱ्यांत क्लोरिनयुक्त द्रावक असतं. त्यानं पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. घरी विमान बांधणारा एकाच शेडमध्ये दोन्ही कामं करतो, म्हणून हे सांगणं. उरलेलं ब्रेक ऑइल पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये. लहान मुलं असलेल्या घरात त्याचा एक घोटही जीवघेणा ठरू शकतो.

ब्रेक बसवून झाला की हवा काढायची. मोटारीत आपण वरून तेल घालून खालून हवा सोडतो. विमानात टाकी वर आणि कॅलिपर खाली, मधली नळी लांब, म्हणून पुष्कळ जण उलटं करतात: खालून कॅलिपरमधून तेल दाबत वर ढकलायचं, बुडबुडा आपणहून वर जातो. नवे पॅड लगेच भरवशाचे नसतात. त्यांच्यातला राळेचा भाग एकदा नीट तापून घट्ट व्हावा लागतो. त्यासाठी कंपनीनं सांगितलेल्या वेगानं धावपट्टीवर चालवून ब्रेक लावायचे आणि मग पूर्ण गार होऊ द्यायचे. त्यानंतर इंजिन तपासणीच्या वेगावर नेऊन दोन्ही ब्रेक धरायचे. विमान जागचं हललं तर संच लहान आहे किंवा हवा राहिली आहे. एका बाजूला वळलं तर दोन चाकांत फरक आहे. तो आधी काढायचा. मग चालण्याचा वेग, मग धावण्याचा, मग उड्डाणाच्या निम्म्याचा, आणि प्रत्येक फेरीनंतर उतरून चकतीजवळ, न शिवता, हाताची मागची बाजू नेऊन दोन्ही चाकांची ऊब सारखी आहे का ते पाहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल दाबायच्या आधी चाकाखाली वाकून बघायचं, जमिनीवर लाल थेंब आहे का.