कर्करोगातून सावरणाऱ्या मुलांचा आहार आणि व्यायाम

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा असून, त्यातील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकारात, म्हणजे अस्थिमज्जेत अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात, उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. सुसज्ज केंद्रांत उपचार पूर्ण करणारी बहुसंख्य मुले आज बरी होतात. मात्र या काळात घरातून त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या जातात : भरपूर खायचे आणि दमायचे नाही. मायेपोटी दिलेले हे दोन्ही सल्ले पुढे अपायकारक ठरू शकतात.

याचे कारण औषधांच्या परिणामांत आहे. स्टिरॉइडे कर्करोगाच्या पेशी मारतात, पण त्याचबरोबर भूक अनावर करतात, स्नायूंतील प्रथिने झिजवतात आणि हाडे विरळ करतात. चेहरा गोल झाल्यामुळे मूल अंगाने भरले असे नातेवाइकांना वाटते, तेव्हा त्याचे स्नायू प्रत्यक्षात क्षीण होत असतात. व्हिन्क्रिस्टीन हे औषध हातापायांच्या नसांना इजा करू शकते. तसे झाल्यास चालताना पाऊल नीट उचलले जात नाही आणि जिना चढताना मूल अडखळते. त्यातच सतत अंथरुणावर राहिल्यास झीज आणखी वाढते. या आजारातील थकवा नुसत्या झोपेने जात नाही, तर बेताच्या नियमित व्यायामाने कमी होतो, ही गोष्ट पालकांना पटवणे सर्वांत अवघड असते.

व्यायाम मात्र रक्ततपासणी पाहूनच ठरवावा लागतो. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी फार कमी असतील तर उड्या मारणे आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावे लागतात, आणि तापात विश्रांतीच योग्य असते. एरवी वॉर्डातील फेऱ्या, पोटऱ्या ताणणे, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे एवढ्यानेही सुरुवात होते. किशोरवयीन रुग्णाचा खुबा किंवा गुडघा दुखत राहिल्यास ते व्यायामाचे दुखणे समजून सोडून देऊ नये, कारण स्टिरॉइडांमुळे हाडाचा रक्तपुरवठा खुंटलेला असू शकतो. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा हृदयावरील परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. म्हणून ते घेतलेल्या तरुणाने जड वजने उचलण्यापूर्वी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको तपासणी, करून घेणे आवश्यक आहे.

आहाराबाबत घरोघरी गैरसमज अधिक आहेत. साखर तोडल्याने कर्करोग उपाशी मरतो या समजुतीतून आधीच अशक्त झालेल्या मुलाचे दूध, फळे आणि गूळही बंद केले जातात. गव्हांकुरांचा किंवा पपईच्या पानांचा रस डॉक्टरांना न सांगता दिला जातो. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना असे कच्चे रस, कच्चे मोड आणि गाड्यावरची पाणीपुरी यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो, तर तेच मोड शिजवून केलेली उसळ प्रथिने देते. नीट उकडलेले अंडे, गरम वरण-भात, नाचणीची खीर किंवा शेंगदाण्याचा लाडू आहारात असेल तर महागड्या डब्यांतील पावडरींची गरज सहसा पडत नाही. तोंड आलेले असताना मऊ आणि बिनतिखट, स्टिरॉइडे चालू असताना कमी मिठाचे, असे ताट बदलत राहते.

उपचार संपल्यावर हीच मुले लठ्ठपणाकडे झुकण्याचा धोका असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांच्या पाठपुराव्यासाठी 1991पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवला जातो. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी 60 मिनिटांच्या शारीरिक हालचालीची शिफारस करते, आणि बरे झालेले मूलही टप्प्याटप्प्याने तिथवर पोहोचू शकते. परंतु शाळेत त्याला खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवले जाते, म्हणून रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांच्या यादीशेजारी कोणते खेळ चालतील हेही लिहून दिले पाहिजे.