फुकटाचा हिशेब

प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, हा द्विनोंदी पद्धतीचा पहिला धडा. मग काचीगुड्यात बसून आम्ही गूगलची इतकी साधने फुकट वापरतो, त्या व्यवहाराची दुसरी बाजू कोणती?

आधी जमेची बाजू पाहू. 1998 साली निघालेल्या या कंपनीने 2004 साली जीमेल आणि 2005 साली नकाशे दिले. छोट्या दुकानाचा हिशेब शीट्सवर होतो, कागदपत्रे ड्राइव्हवर राहतात. भाषांतराच्या सोयीत कन्नड 2011 साली व मराठी 2013 साली आली. या अंकाचा कन्नड विभाग त्यामुळे मराठी वाचकालाही ढोबळमानाने कळेल.

आता नावेची बाजू. गूगलच्या मूळ कंपनीच्या 2024 सालच्या उत्पन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश जाहिरातींतून आले. आपण काय शोधतो, कुठे जातो, यांच्या नोंदींवरून कोणाला कोणती जाहिरात दाखवायची ते ठरते. म्हणजे किंमत आपण देतोच. फक्त पावती मिळत नाही.

म्हणून ही साधने टाकावीत काय? मुळीच नाही. मात्र खात्यातील 'माय ॲक्टिव्हिटी' हे पान अधूनमधून उघडावे. तेथे आपल्या नोंदी पाहता येतात, पुसता येतात आणि पुढे होणाऱ्या नोंदी थांबवताही येतात. मित्रहो, आपण दुसऱ्यांची खाती तपासायला शिकतो आहोत. सुरुवात स्वतःच्या खात्यापासून का करू नये?