माग एका ॲनीचा

१ जानेवारी १८९२. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर स्थलांतरितांसाठीचं नवं केंद्र उघडलं आणि 'नेवाडा' बोटीतून उतरलेली ॲनी मूर तिथली पहिली नोंद ठरली. आयर्लंडच्या कॉर्कची पोर, वय सतरा, सोबत दोन धाकटे भाऊ. स्वागत म्हणून तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. पुढे तिचे पुतळेही उभे राहिले. ती टेक्ससला गेली आणि तिथेच वारली, असं कित्येक दशकं सगळे मानत होते. वंशावळीच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी जुने कागद चाळले, तर टेक्ससच्या ॲनीचा जन्म अमेरिकेतल्याच इलिनॉयचा निघाला! खऱ्या ॲनीचा माग २००६ मध्ये लागला, तो भाऊ फिलिपच्या नागरिकत्वाच्या दाखल्यावरून. ती पुढे आयुष्यभर न्यूयॉर्कमध्येच राहिली होती.

अमेरिकेतल्या बऱ्याच नोंदी शाबूत असताना ही गत. समुद्रापलीकडचं, आयर्लंडमधलं पूर्वजांचं गाव शोधणं तर याहून अवघड.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं आडनाव मराठी माणसाला थेट मालवण तालुक्यातल्या वराडला नेऊन सोडतं. आयरिश आडनावांत ही सोय नाही. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. त्यातून कूळ कळतं, गाव कळत नाही. आणि मर्फी, केली ही आडनावं तर देशभर पसरलेली. म्हणून शोधणाऱ्याला आधी हवं असतं ते 'टाउनलँड'चं नाव. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडी-शिवारासारखा जमिनीचा सर्वांत लहान विभाग. आयर्लंडभर असे साठ हजारांहून अधिक आहेत.

ते नाव शोधायचं कुठे? ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना जळून खाक झाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. १८६१ आणि १८७१ चे कागद तर सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगदा होऊन गेले. देशभराची पूर्ण जनगणना हाती लागते ती थेट १९०१ ची.

या पोकळीत आधार देतो एक भूवैज्ञानिक. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी जमिनी-घरांची मोजदाद झाली, टाउनलँडवार, कुळांच्या नावांसकट. पण नोंद फक्त कुटुंबप्रमुखाची. शिवाय बटाट्यावरच्या करप्यामुळे पडलेल्या १८४५-५२ च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. मोजणीदार पोहोचेपर्यंत त्यातली कितीतरी घरं रिकामी झाली होती.

मग डीएनए? दर पिढीला वाटा निम्मा होत जातो. पाच पिढ्यांमागच्या पूर्वजाकडून आलेला अंश सरासरी तीन टक्के उरतो. वाय गुणसूत्र मात्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, आडनावासारखंच. 'आयरिश डीएनए ॲटलस' या प्रकल्पाने वेगळी वाट धरली: ज्यांचे आठही पणजोबा-पणजी सुमारे पन्नास किलोमीटरच्या परिघात जन्मले, अशाच लोकांचे नमुने घेतले. २०१७ मध्ये त्यातून दहा जनुकीय गट दिसले आणि त्यांतल्या अनेकांच्या सीमा जुन्या प्रांतांशी जुळल्या. म्हणजे रक्त प्रदेशापर्यंत नेतं. वाडीचं नाव मात्र कागदच सांगतो.

असा एक कागद आगीपासून दूर, अमेरिकेतच होता. बोस्टनचं 'द पायलट' हे वृत्तपत्र १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षं हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती छापत होतं. बहीण भावाला शोधायची, बायको आधी निघून आलेल्या नवऱ्याला. ओळख पटावी म्हणून त्या परगणा, धर्मग्राम, कधी टाउनलँडसुद्धा लिहीत. त्या भावाबहिणींचे पणतू-खापरपणतू आज त्याच ओळी वाचून आपलं गाव शोधतात.